मुशीचं तेल आणि अलिबागचा ट्वीटर

दिघीहून आगरदांड्याला तुम्ही आता गाडीसकट बोटीत चढता, काच खाली करून जंजिऱ्याचा फोटो काढता आणि पलीकडे उतरून चहा पिता. मजा आहे तुमची. मी पहिल्यांदा ती खाडी ओलांडली तेव्हा डोक्यावर पाटी होती, आणि पाटीत मासळीऐवजी स्पीकर होता. साठ सालानंतरची गोष्ट, नेमकं साल विचारू नका. मी सांगते, नात लिहिते. चूक सापडली तर तिची.

स्पीकर मोठ्या दिरांचा. सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते आगबोटीच्या इंजिनावर कामाला होते. एका फेरीहून त्यांनी रेडिओ आणि कोंबड्यांच्या खुराड्याएवढा लाकडी स्पीकर आणला, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. आमचं घर दिवेआगरच्या किनाऱ्याला. सगळी आळी अंगणात बसून गाणी ऐकायची. परत बोटीवर जाताना दादा मला म्हणाले, "हिरा, खाऱ्या हवेपासून याला सांभाळ. तुझ्यावर सोपवलाय." लग्न होऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या घरात कुणी माझ्यावर काही सोपवलं ते पहिल्यांदाच.

आता खाऱ्या हवेपासून आम्ही काय सांभाळतो? होडी. कशानं? मुशी माशाच्या काळजाच्या तेलानं. होडीला लावून वाटीभर तेल उरलं होतं. मी खोक्याचं मागचं फळकूट काढलं आणि आतला काळा पुठ्ठा दोन्ही हातांनी चोपडला. अगदी जीव ओतून हो! दुसऱ्या दिवसापासून रेडिओवरची बाई गोधडीत तोंड खुपसून गायला लागली. झांजा तर ऐकूच येईनात.

महिनाभर आम्ही आळीला बॅटरी उतरल्याचं निमित्त सांगितलं. मग पत्र आलं. बोर्लीच्या दुकानदारानं वाचून दाखवलं: दादा शिमग्याला येतायत, चार दिवसांत. माझा जीव थाऱ्यावर राहीना. सासूबाई आधीच म्हणायच्या की हिच्या हाती दिलं ते गेलं. दादांनीही तेच म्हटलं असतं, तर त्या घरात मला पुन्हा कुणी चमचासुद्धा सांभाळायला दिला नसता. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अलिबागला रेडिओ दुरुस्त करणारा हाय म्हणे. चला."

"आत्ता?"

"न्हाय, दादा आल्यावर!"

पहाटे निघालो. खोकं घरीच ठेवलं. आतला गोल स्पीकर तेवढा काढून पाटीत घेतला. बोर्लीहून दिघीपर्यंत बैलगाडी. भाडं आठवत नाही, ढुंगण दुखलेलं आठवतं. दिघीला शिडाची होडी, भरती येईपर्यंत थांबायचं. मी सोळा वेळा पाण्याकडे बघून आले. हे म्हणाले, "तू बघितलंस म्हणून दर्या लवकर चढणार हाय व्हय?" पुढे आगरदांड्याहून एसटी. कंडक्टरनं नाक दाबलं. "मावशी, मासळी टपावर."

"मासळी न्हाय, गाणं हाय," मी म्हटलं.

"मग गाण्याला वास कसा येतो?"

मी पाटी मांडीवर घेऊन बसले.

मुरूड मागे पडलं, साळावला पुन्हा उतरून होडीनं रेवदंडा गाठायचं. आता पूल आहे, बसल्या जागी पार होता. रेवदंड्याला चहा-पाव खाल्ला. तिथे नारळी-पोफळीच्या सावलीत बसावं, पाय पसरावेत. तुम्ही नक्की बसा. मला बसवलं नाही.

अलिबागचा मेस्त्री चष्मा सुतळीनं कानाला बांधून बसलेला. स्पीकर हुंगला, बोटानं चेपला आणि माझ्याकडे बघितलं. "कोण शहाण्यानं केलं हे?"

हे लगेच म्हणाले, "मी." लग्नानंतर त्यांनी केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुकाचं काम.

मेस्त्रीनं समजावलं. तेलानं पुठ्ठा जड झाला. जड माणूस जसा झटपट नाचत नाही, तसा हा बारीक सूर काढू शकत नाही. नवा मिळायला मुंबईहून महिना लागेल. "पण जाडा आवाज याला काढू दे, बारीक याला." असं म्हणून त्यानं करवंटीएवढा छोटा स्पीकर पुढे ठेवला. ट्वीटर. वायरीत शेंगेएवढा एक कंडेन्सर जोडला. "हा बारीक आवाज सोडतो, जाडा अडवतो. हा नसला तर ट्वीटर फाटेल."

"म्हणजे जाळंच की! बारकी मासळी सुटते, मोठी अडकते."

मेस्त्री ह्यांना म्हणाला, "दुकानात हिला ठेव, तू घरी जा."

मुक्काम मावशीकडे, कोळीवाड्यात. सकाळी परत निघालो तर खाडीला वारा. पाणी होडीत उडत होतं. ट्वीटर मी पदरात गुंडाळून छातीशी धरला. शेजारच्या बाईनं मायेनं विचारलं, "किती दिवसांचं हाय?"

"कालचं," मी म्हटलं.

"रडत न्हाय गं!"

"घरी गेल्यावर रडंल."

घरी ह्यांनी गोल स्पीकर परत खोक्यात आणि ट्वीटर खोक्याच्या डोक्यावर बसवला, वर रुमाल पांघरला. झांजा परत आल्या. दादा आले, स्पीकरला टेकून बसले, डोळे मिटून ऐकलं. "अगदी तोच आवाज," म्हणाले. मी सुटले! शिमग्याला अंगण भरलं, आणि ऐन गाण्यात ट्वीटरची वायर सुटली. अख्खं अंगण ओरडलं, "गेला, गेला आवाज!" दादा मात्र मान डोलावत होते. सगळ्यांची तोंडं बघून मग विचारलं, "काय झालं?" मी वायर जोडली. लोक खूश झाले. लोकांकडे बघून दादाही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ते वाळूवर जाळं विणत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि तेलाचं सगळं सांगून टाकलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाड बोल, हिरा. बारीक आवाज मला ऐकू येत न्हाय. बारा वर्षं इंजिनापाशी गेली. तू घरात आल्यापासून काय बोलतेस ते मला ठाऊकच न्हाय, नुसती मान हलवतो."

मी आवाज पार पोटात उतरवून पुन्हा सांगितलं. ते खो खो हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "कुणाला सांगू नको. बोटीवर कळलं तर उतरवतील."

"आणि तेलाचं?"

"तेही नको सांगू. माझ्याच आईला मी वळखतो."

त्या दिवसापासून मी दादांशी जाड आवाजात बोलायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "दिराशी बोलतेस का होडी हाकतेस?" शेजारणी म्हणायच्या, सून उद्धट निघाली. दादा बोटीवर आणखी सात वर्षं टिकले. आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही.

दादा आता नाहीत, स्पीकर वाळवीनं खाल्ला. माझा आवाज मात्र वर चढायचा राहिला तो राहिलाच. फोनवर परकी माणसं मला अजून आजोबा म्हणतात.