मामाच्या टोपीखालचं गुणसूत्र

माझं लग्न मोडायला निघालं होतं ते हुंड्यावरून न्हाई, पत्रिकेवरून न्हाई, तर एका माणसाच्या डोक्यावर केस आहेत की न्हाईत यावरून. तो माणूस नवरदेव असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. तो नवरदेवाचा मामा होता!

आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक ठाम सिद्धांत आहे. जावई बघायचा तर त्याच्या डोक्याकडं बघू नये, त्याच्या मामाच्या डोक्याकडं बघावं, कारण टक्कल मामाकडून येतं. केजच्या शाळेत दहावीला विज्ञान मी शिकवायचे, पण घरातले शास्त्रज्ञ आप्पा. त्यामागं कारणही होतं. विशीतच त्यांचे स्वतःचे केस गेले. चौकातली पोरं पाठीमागून एकमेकांना विचारायची, "आज पौर्णिमा हाय का बे?" तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर जी पांढरी टोपी बसली, ती झोपेतसुद्धा उतरली न्हाई. त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "मी तरी कुठं बघितलंय, बाई."

"माझ्या नातवाला कुणी पौर्णिमा म्हणलेलं मला चालायचं न्हाई," असं म्हणून ते एकेक स्थळ परत पाठवायचे. एका मुलाला मामाच नव्हता. आप्पा म्हणाले, "मग कशावरून ठरवायचं?" तेही गेलं.

मग अंबाजोगाईचं स्थळ आलं. मुलाचं मेडिकलचं दुकान. वडील लहानपणीच वारलेले, मामानंच वाढवलेला, शिकवलेला. आतापर्यंतच्या सगळ्यांनी मला स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असलंच विचारलं होतं. ह्यानं पोहे खाता खाता विचारलं, "आनुवंशिकता शिकवताना मागच्या बाकावरची पोरं हसतात का हो?"

"पुढच्या बाकावरची पण हसतात," मी म्हणाले.

तो इतका मोकळा हसला की माझा निकाल तिथंच लागला. करीन तर ह्याच्याशीच, असं मी आईला चुलीपुढं सांगून टाकलं. चूल म्हणजे गॅसच, पण आमच्याकडं असली बोलणी चुलीपुढंच होतात.

बैठकीच्या दिवशी मामा आले ते भुवयांपर्यंत टोपी ओढून. ऊन मरणाचं. आप्पांनी त्यांना बरोबर कूलरच्या तोंडासमोर बसवलं अन् कूलर फुल्ल सोडला. मामांनी एका हातानं टोपी धरली अन् दुसऱ्या हातानं ते जेवले. वरणाची वाटी उचलायला दुसरा हात लागतो म्हणून आप्पांनी वरणाचा आग्रह केला. मामांनी वरणच घेतलं न्हाई. दाराआडून बघताना मला हसू येत होतं.

जेवणं झाली आणि आप्पांनी ठेवणीतलं हत्यार काढलं, टॉवेल-टोपीचा मान. आपल्याकडं पाव्हण्याला टॉवेल खांद्यावर आणि नवी टोपी डोक्यावर घालायचीच, अन् नवी घालायची तर जुनी काढावी लागते.

"हातात द्या की, पाव्हणं," मामा म्हणाले.

"हातात कसा? मान हाय त्यो! मान डोक्यावरच असतो."

मामाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी नवी टोपी घेतली आणि जुनीवरच चढवली. तसा आप्पांचा संयम सुटला. "वाकडी बसली, वाकडी बसली," म्हणत त्यांनी हात घातला तो दोन्ही टोप्या घेऊनच वर आला.

बापरे! काय लखलखीत डोकं होतं.

मामांचा चेहरा पडला. मुलगा उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आप्पा शांतपणे म्हणाले, "इचार करून कळवतो." आमच्याकडं ह्याचा अर्थ एकच होतो, चपला घाला.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी दाणकन टेबलावर ठेवला आणि आप्पांच्या हातातल्या दोन्ही टोप्या काढून घेतल्या.

"आप्पा, अगुदर ऐकून घ्या. टकलाचं मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, अन् बाईकडं ती गुणसूत्रं दोन असतात. समजा ह्या दोन टोप्या. एक तिला आईकडून आलेली, एक बापाकडून. अंगातली साधी पेशी दुभंगते तेव्हा सगळ्याची नक्कल करून दोन्हीकडं सारखं वाटते. पण बीजांड तयार होताना वाटणी निम्मी होते, दोन टोप्यांपैकी एकीचाच माल पुढं जातो. कुठला, ते आईच्या हातात नसतं. मामांच्या वाट्याला जी आली तीच ह्यांच्या आईला, म्हणजे मामांच्या बहिणीला, आली असेल असं न्हाई, अन् आली असली तरी तिनं तीच ह्यांना दिली असेल असं न्हाई. टकलाला दुसरी जनुकं पण लागतात, ती बापाकडूनही येतात. उगं मामांच्या डोक्यावर खापर कावून फोडता?"

मामांच्या तोंडावर जरा रंग आला. त्यांनी विचारलं, "अन् बापाकडं किती टोप्या असत्यात, पोरी?"

"बापाकडं एक्स एकच. मुलाला तो वाय देतो, म्हणून मुलगा होतो. मुलीला मात्र…" इथं माझी जीभ अडली. पण वर्गात अर्धं वाक्य सोडायची मला सवय न्हाई. "मुलीला तो एकुलता एक एक्स देतोच."

"म्हंजी आमच्या पोराचं नक्की न्हाई," मामा सावकाश म्हणाले, "पण तुझ्या वडलांकडचं तुझ्यात नक्की हाय. अन् तुझ्या पोराला?"

"निम्मी शक्यता," मी पुटपुटले.

मामांनी मान वळवून आप्पांच्या टोपीकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

आप्पांना खोटं बोलता आलं असतं. 'बैठकीत टोपी काढायची आमच्यात पद्धत न्हाई' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांचा हात टोपीवर गेलाही, दाबून बसवायला. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भर बैठकीत मुळूमुळू रडत होते. मला तोच नवरा पाहिजे होता.

आप्पांनी टोपी काढली.

खाली रापलेलं कपाळ आणि वर कधी ऊनच न बघितलेलं पांढरंफेक डोकं. दारात आईनं तोंडाला पदर लावला.

"घ्या, बघा," आप्पा म्हणाले. "फसवून लेक देत न्हाई मी."

मामा उठले. माझ्या हातातली नवी टोपी त्यांनी घेतली, आप्पांच्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "मान डोक्यावरच असतो, व्याही."

आता माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर जंगल आहे. मामा आले की दोघं म्हातारे आमच्या ओट्यावर उघड्या डोक्यानं बसतात, टोप्या खुंटीला. माझं चार वर्षांचं पोरगं आप्पांच्या डोक्यावर तबला वाजवतं. परवा वाजवता वाजवता स्वतःचे दाट केस ओढून कुरकुरलं, "आज्जा, माझं असं गुळगुळीत कधी व्हणार?"

आप्पांनी त्याला मांडीवर ओढून घेतलं. "व्हईल की रं, राजा. तुझ्या आईकडं दिऊन ठिवलंय मी."