रेड्याची चाल

लेथवाली आईला मारते, अशी कुजबूज आमच्या गल्लीत वर्षभर चालू होती. कुजबूजच. मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण लेथवालीचे दंड सगळ्यांनी पाहिले होते. पोलादाचे दांडे उचलून लेथ यंत्रावर चढवणारी, दिवसभर कारखान्यात लोखंड कातणारी बाई. तिनं एक ठेवून दिली असती तर माझ्यासारख्याचा जबडा जागेवर बसवायला दोन माणसं लागली असती. मग ऐंशीच्या घरातल्या, चिमणीएवढ्या म्हातारीचं काय?

बातमी पहिल्यांदा सोडली वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. काकूंच्या गॅलरीतून अख्खी गल्ली दिसते, आणि जे दिसत नाही ते त्या अंदाजानं भरून काढतात. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं.

"दर महिन्याला म्हातारी गाडीत बसून जाते तेव्हा धड असते. परत येते तेव्हा कुठंतरी पट्टी असते. आधी मनगट, मग गळ्याखालचं हाड, मग बरगडी. गाडीत दोघीच असतात. मला काही म्हणायचं नाही बाई, पण तुम्हीच काय ते समजा."

म्हणायचं काही नाही, हे काकू घरोघर जाऊन म्हणून आल्या.

आता गाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. लेथवालीच्या वडिलांनी तरुणपणी कुठून तरी पैदा केलेली, दोनच दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची दांडगी गाडी. रंग काळा. चालू केली की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि तान्ही पोरं रडायला लागायची. गल्लीनं तिचं नाव रेडा ठेवलं होतं. वडील गेले आणि रेडा मुलीकडे आला. धाकट्या भावाला नको होता. तो दुसऱ्या गावी मोठ्या हुद्द्यावर, त्याच्याकडे चकचकीत नवी गाडी, इतकी बुटकी की बसताना माणसानं आधी स्वतःची घडी घालावी.

आणि म्हातारीची घडी पडत नव्हती, हीच तर अडचण. तिची हाडं आतून पोखरली होती, वाळवी लागलेल्या लाकडासारखी. दर महिन्याला इस्पितळात नेऊन शिरेतून औषध द्यावं लागे. रुग्णवाहिका एकदा बोलावली होती. ती मालाच्या टेम्पोवर बांधलेली, तिच्या गचक्यांनी मनगट गेलं. रिक्षाचा प्रश्नच नव्हता. रेड्याचं दार मात्र कपाटाच्या दाराएवढं, आणि पुढची सीट दिवाणासारखी अखंड. म्हातारी पाय लांब करून रेलून बसायची. पण रेडा म्हातारीपेक्षा थोडाच तरणा? मागचे पाटे, म्हणजे गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसलेले, पुढच्या स्प्रिंगा थकलेल्या, धक्के शोषणाऱ्या शॉकमधलं तेल केव्हाच गळून गेलेलं. पाण्याच्या टाकीजवळचा गतिरोधक आला की गाडी आधी आपटायची, मग उसळायची, मग पुन्हा आपटायची. गळ्याखालचं हाड तिथंच गेलं. बरगडीही तिथंच.

बरगडी गेली आणि भाऊ आला. काकूंनी त्याच्यापर्यंत बातमी कशी पोचवली मला ठाऊक नाही, पण पोचवली खरी. तो आईच्या खाटेशी बसला, बहिणीकडे न बघता म्हणाला, "ताई, आता आणखी एक हाड मोडलं तर आईला मी नेणार. आमच्याजवळ चांगलं निवासगृह आहे. नर्सा असतात."

"मी काय मेले होते का, मला विचारायला?" म्हातारी म्हणाली.

"आई, तुझ्या भल्याचं आहे."

"माझं भलं मला कळतं. तुझ्या घरी माझी चप्पल वाजली तरी सूनबाई फरशीकडे बघते. आणि त्या नर्सांच्यात मी संध्याकाळी कुणाची वाट बघू?"

वाट बघणं हाच म्हातारीचा उद्योग होता. संध्याकाळी खिडकीशी बसायची. लेक कारखान्यातून आली, हाताला तेलाचा वास घेऊन जवळ बसली, की दिवसभराच्या शिव्या एकदम द्यायची आणि मगच जेवायची. नवरा गेल्यावर तिनं जिवंत राहायला शोधलेलं कारण ते. लेथवालीचंही दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं, आणि करणार कोण होतं? दंड पाहून स्थळं जिन्यावरूनच परतायची.

"म्हणजे मी मारते असं तुला वाटतं," लेथवाली भावाला म्हणाली.

"मला काही वाटत नाही. हाडं मोडतात एवढं दिसतं."

"गाडीनं मोडतात."

"मग गाडी नीट कर."

दुसऱ्या दिवशी ती वळणवीराच्या गॅरेजात हजर. वळणवीर म्हणजे आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक. जवानीत शर्यतीत उतरला होता आणि पहिल्याच वळणावर उताणा पडला होता. तेव्हापासून त्याला आयुष्यात वळणाखेरीज दुसरं काही सुचत नाही. रेड्याच्या खाली शिरायची संधी तो दहा वर्षं शोधत होता. लेथवाली म्हणाली, "दादा, हिचं सगळं सस्पेन्शन नवं करायचंय. भारीतलं भारी." झालं. रेडा जॅकवर चढला आणि वळणवीराचे डोळे वर चढले.

चूक दोघांची. तिनं भारीतलं भारी म्हटलं, आईचं नाव काढलं नाही. आईच्या हाडांची चर्चा नाक्यावर आणखी नको, असा तिचा मानीपणा. त्यानं विचारलं नाही, कारण अशा गाडीचं भारी सस्पेन्शन म्हणजे काय हे त्याला झोपेतही पाठ होतं. पुढं आखूड, ताठ स्प्रिंगा. मागच्या पाट्यांत एक जादा पाटा. सांध्यांतले रबरी बुश काढून त्या जागी कडक प्लास्टिकचे. गाडी चार बोटं खाली बसली, रुबाबदार दिसू लागली. गल्लीतली पोरं फोटो काढून गेली.

म्हातारी नेहमी म्हणायची, तुझे वडील चालवायचे तेव्हा पोटातलं पाणी हलत नसे. पोटातलं पाणी काही मोजता येत नाही. म्हणून लेथवालीनं तोंडात पाण्याची चूळ धरली, आईच्या जागी, आईसारखी रेलून बसली, आणि वळणवीराला हातानंच खुणावलं, चल.

गल्लीतल्या पहिल्या खड्ड्यातच चूळ काचेवर गेली. टाकीच्या गतिरोधकाला तिची जीभ चावली गेली. रक्त आलं.

"वळणावर बघ ताई, वळणावर," वळणवीर म्हणत होता, "रुळावर चालल्यासारखी जाते की नाही?"

"आईला वळणावर न्यायचं नाही रे, इस्पितळात न्यायचं आहे," गॅरेजाशी उतरताना ती म्हणाली आणि काळ्या टपावर डोकं टेकून रडायला लागली. वळणवीरानं बाईला रडताना पाहिलं होतं, पण एवढ्या दंडांच्या बाईला नाही. तो बिचारा पान्हा हातात धरून तसाच उभा.

मग खरी गोष्ट तिनं सांगितली.  वळणवीर म्हणाला, "म्हणजे मी आतापर्यंत शिकलो ते सगळं उलटं करायचं."

इस्पितळाची पुढची तारीख जवळ येत होती. म्हणून दोघं रोज कारखाना सुटल्यावर रेड्याखाली. जादा पाटा निघाला, त्याच्याबरोबर मूळचाही एक निघाला. पाट्यापाट्यांमध्ये नायलॉनच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे ते एकमेकांवर न करकरता सरकावेत. कडक बुश फेकले. मऊ रबराचे नवे आणले आणि त्यांच्या लोखंडी पुंगळ्या लेथवालीनं स्वतः कातल्या. पुढं लांब, सैल स्प्रिंगा. शॉक मात्र वळणवीरानं हट्टानं चांगले घातले. "नुसतं मऊ केलं तर होडीसारखी डुलत राहील, आजींना मळमळेल." हे पहिलं वाक्य, ज्यात त्याला वळण आठवलं नाही.

रोज चूळ. रोज काचेवर पाणी, पण थोडं थोडं कमी. काकू गॅलरीतून बघतच होत्या. रोज संध्याकाळी लेथवाली मेकॅनिकच्या शेजारी गाडीत, गाल फुगवलेले, कुणी हाक मारली तरी उत्तर नाही. आठवड्याभरात दुसरी बातमी तयार. "त्याच्याशी भांडते आहे. आणि परक्याशी कुणी इतकं भांडत नाही हो." वळणवीराच्या बायकोनं त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं. तो लेथवालीला म्हणाला, "ताई, एकदा माझ्या घरी येऊन तिच्यासमोर चूळ धरून दाखव." गेली बिचारी. धरून दाखवली.

तरी टाकीपाशी थोडं पाणी सांडायचंच. मागचा भाग हलका, म्हणून उडतो. शेवटी वळणवीरानं डिकीत वाळूची पोती टाकली. एक टाकलं, फेरी मारली. दुसरं टाकलं, फेरी मारली. वजनानं पाटे दबले, रेडा जमिनीशी समजुतीनं वागायला लागला. त्या संध्याकाळी ते टाकीचा गतिरोधक ओलांडून इस्पितळापर्यंत जाऊन आले. लेथवाली उतरली आणि गटाराशी जाऊन अख्खी चूळ थुंकली. वळणवीरानं टोपी काढली. गाडीला नमस्कार केला की तिला, देव जाणे.

महिन्याची तारीख आली. म्हातारी रेड्यात बसली. गल्ली बघत होती, मीही बघत होतो, नाही कशाला म्हणू. टाकी आली आणि गेली. म्हातारी डोळे मिटून होती. इस्पितळाच्या दारात तिनं विचारलं, "थांबलीस का मध्येच?" डॉक्टरांनी फोटो काढला. नवीन काही मोडलेलं नव्हतं. परत येताना म्हातारी गाडीत झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. त्या संध्याकाळी तिनं लेकीला एकही शिवी दिली नाही. लेथवाली घाबरली, म्हणाली, "आई, बरं वाटत नाही का?"

चार दिवसांनी, सकाळी उठता उठता, बिछान्यातच म्हातारीची दुसऱ्या बाजूची बरगडी मोडली.

भाऊ त्याच दुपारी आला. लेथवाली दारात उभी. मी जिन्यातून बघत होतो. 

"कशानं मोडली?" भावानं विचारलं.

"शिंकले मी," खाटेवरून म्हातारी म्हणाली.

"आई."

"अरे, शिंक आली. शिंकायला पण आता तुझी परवानगी काढू?"

"शिंकेनं बरगडी मोडत नाही आई. तू तिला पाठीशी घालतेस."

"डॉक्टरांना विचार," लेथवाली म्हणाली.

"विचारलं. होऊ शकतं म्हणतात. व्हायला काय, सगळंच होऊ शकतं." मग तो बहिणीकडे वळला, आणि या खेपेस त्यानं तिच्याकडे बघितलं. "आतापर्यंत तू गाडीचं नाव सांगत होतीस. मी मान्य केलं. आता गाडी हलत नाही. सगळी गल्ली सांगते, पाणी हलत नाही. मग ताई, आता कशाचं नाव सांगणार?"

गाडी हे एकच उत्तर तिच्याकडे होतं. ते तिनं स्वतःच्या हातांनी काढून टाकलं होतं, एकेक पाटा करून. रेडा आपटत होता तोवर संशयाला दोन दारं होती. एक तिनं बुजवलं.

ती एवढंच म्हणाली, "ने. पण तुझ्या गाडीतून नको. मी सोडते."

वळणवीर हवा तपासायला आला आणि चाकाशी नको इतका वेळ बसून राहिला. म्हातारीला उचलून लेथवालीनंच ठेवलं, त्याच दंडांवरून. भाऊ मागं बसला. निघताना म्हातारी म्हणाली, "अरे, तूपण चूळ धर. कळू दे तुझ्या बहिणीनं काय केलंय." आणि त्या भल्या माणसानं धरली, हसायचं की रडायचं न कळून. गल्लीतून रेडा निघाला तेव्हा साहेब मागच्या सीटवर गाल फुगवून, आणि काकू गॅलरीत. गावाबाहेरचे खड्डे, पूल, उखडलेला रस्ता. निवासगृहाच्या फाटकापाशी त्यानं ते पाणी गिळलं. थेंब सांडला नव्हता.

"गाडी चांगली झालीय," तो म्हणाला.

आईला आत नेऊन झाल्यावर लेथवाली एकटी परत आली. टाकीचा गतिरोधक तिनं तितक्याच हळू ओलांडला, शेजारची जागा रिकामी असताना. डिकीतली वाळू तिनं काढली नाही. संध्याकाळी घरी येते, खिडकीशी बसते, हाताचं तेल धूत नाही.

पुढं तिसऱ्या महिन्यात भावजयीचा फोन आला, भावाचा नव्हे. निवासगृहात म्हातारीला भेटायला दोघं गेले होते. त्यांच्यासमोर, दोन नर्सांसमोर, तिला शिंक आली आणि बरगडी मोडली. आवाज आला, भावजय म्हणाली, काटकी मोडावी तसा. लेथवाली रेडा घेऊन त्याच दिवशी गेली. पण आता म्हातारीला खाटेवरूनही हलवता येत नव्हतं, आणि खाटेवर घालायला स्प्रिंगा कुणाकडे नव्हत्या. म्हातारी तिथंच वारली.

काकू अजूनही म्हणतात, त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

मनगट रुग्णवाहिकेनं मोडलं. गळ्याखालचं हाड आणि पहिली बरगडी रेड्याच्या थकलेल्या पाट्यांनी. पुढच्या दोन बरगड्या शिंकेनं. लेथवालीनं आईवर कधीच हात उचलला नव्हता.