न घेतलेला उतारा

माझी आत्या सत्यभामा ईट गावी धनगराच्या घरात नांदायला गेली, तेव्हा निजामाचं राज्य होतं. नवरा गोरोबा दिवसभर मेंढरांमागं रानात. घराची पुढची खोली त्यांनी शाळेच्या मास्तरांना राहायला दिली होती. विरुपाक्ष मास्तर मूळचे तामलवाडीचे, हैदराबादला शिकून आलेले. आत्याचा एकुलता भाऊ, म्हणजे माझे वडील, लांब धाराशिवला. म्हणून एका भाऊबीजेला तिनं मास्तरांनाच ओवाळलं आणि त्यांना दादा म्हणू लागली.

मास्तरांना मनाच्या शास्त्राचं वेड होतं. त्याला ते नफ्सियात म्हणायचे. संध्याकाळी ओसरीवर बसून ते रशियातल्या पाव्लॉवची गोष्ट सांगत. खाणं देण्याआधी दर वेळी एकच आवाज केला, की पुढं नुसत्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

गोरोबा हसायचा. "टोपलं वाजलं की आमचं कुत्रं बी तसंच करतंय."

"तेच तर," मास्तर म्हणत. "माणसाचंही तसंच असतं."

आत्याची तारामती तेव्हा नुकती चालायला लागली होती. कोकरांच्या गळ्यात पडून झोपणारी पोर. उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची, मास्तर दुपारी घरीच. आत्या तारामतीला त्यांच्यापाशी ठेवून रानात भाकरी घेऊन जायची.

त्याच उन्हाळ्यात पोर बदलली. कोकरू दिसलं की किंचाळायची, आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. पुढं पुढं घोंगडं बघूनही थरथरायला लागली. आत्यानं दृष्ट काढली, बिरोबाला नवस बोलला. सासू म्हणाली, "धनगराच्या पोटी जन्मून मेंढराला भेतीय, तुझ्याच माहेरचं खूळ असंल."

आत्यानं मास्तरांना विचारलं, "दादा, तुमी शिकलेलं हाव. काय झालं असंल हिला?"

"लहान लेकरांना होतं असं," मास्तर म्हणाले. "जाईल आपोआप."

एका दुपारी आत्या पाण्याची घागर विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली. ओसरीवर तारामती बसलेली. मास्तरांनी तिच्यापुढं कोकरू सोडलं. पोर रांगत मागं सरली, तसं मास्तरांनी तिच्या पाठीमागं टांगलेल्या पहारीवर हातोडा हाणला. कानठळ्या बसल्या. पोर ताठ झाली आणि मग रडायला लागली.

आत्यानं तिला उचलून घेतलं. "काय करायलाव मास्तर?"

दादा हा शब्द तिथंच गळून पडला.

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला. "माणूस भीती घेऊन जन्मत नाही, ती त्याला लागते, असं अमेरिकेतला वॉटसन म्हणतो. त्यानं एका तान्ह्या पोरावर हे करून दाखवलंय, पांढरा उंदीर आणि असाच आवाज. आपल्याकडं कुणी केलं नव्हतं. मला हैदराबादला ते मांडायचं होतं."

"मी तुमाला इचारलं व्हतं. तवा सांगितलं न्हाय."

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

"तामलवाडीला तुमच्या भावाचं लेकरू हाय की. त्येच्यावर का न्हाय केलं?"

मास्तरांनी कोकरू नेऊन दावणीला बांधलं. मग म्हणाले, "हे काढताही येतं. ती गूळभाकरी खात असताना कोकरू लांब बांधायचं, रोज थोडं जवळ आणायचं. मी करतो. मला थोडे दिवस द्या."

गोरोबाला ते पटलं. "ज्यानं घातलंय त्योच काढंल. करू दे की."

"त्येचा हात आता माझ्या लेकराला लागणार न्हाय," आत्या म्हणाली.

ती पाटलाकडं गेली. पाटील म्हणाले, "शिकलेला माणूस हाय, पोरीला खेळवत असंल." गावात दुसरा मास्तर मिळणार नव्हता. मास्तरांनी नुसती खोली बदलली. पोलीस ॲक्शनच्या आधी त्यांची बदली झाली, तेव्हा गावानं त्यांना हार घातले. गोरोबाही गेला होता. त्या दिवशी आत्या त्याच्याशी बोलली नाही.

तिनं स्वतः गूळभाकरीचा उपाय करून पाहिला. पण घरात चाळीस मेंढरं. एकदा दावं तुटून मेंढा पोरीच्या अंगावर आला आणि भीती आणखी घट्ट झाली. शेवटी तारामतीला आमच्याकडं धाराशिवला आणून ठेवलं. ती आमच्यातच वाढली. आत्या तिला वर्षाकाठी दोनदा भेटायची.

पुढं कॉलेजात मानसशास्त्र शिकताना मला कळलं, की वॉटसनच्या त्या पोराची भीती कुणी उतरवलीच नाही. मात्र मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईनं दुसऱ्या एका पोराची सशाची भीती खाऊ देत देत, ससा हळूहळू जवळ आणत घालवली होती. मी ईटला गेलो तेव्हा आत्याला सांगितलं. मास्तर त्या बाबतीत खोटं बोलत नव्हते.

ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला बी वाटायचं, खरं असंल म्हणून," ती म्हणाली. "पर ठिवायचा कसा इश्वास? लेकरू तर त्येच्याच मांडीवर दिऊन गेले व्हते."

मग तिनं विचारलं, तारामतीच्या सासरी शेळ्या तरी नाहीत ना. नाहीत म्हणालो. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.