मुक्तिनाथला न गेलेल्या यमुताई

यमुताई गेल्याचं मला कळलं ते बोईसरच्या बाजारात, दुधी निवडत असताना. मी बरेच दिवस जळगावला माहेरी होते, आदल्याच दिवशी परतले होते. पालघरच्या मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई समोरून आल्या, मला पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हांला कळलं नाही वाटतं..." कावीळ झाली होती. पंधरवड्यात सगळं आटोपलं. मी तो दुधी तसाच टोपलीत ठेवला. त्यानंतर घरी कशी आले ते मला आठवत नाही, पण मनात पहिल्यांदा आला तो राग, हे मात्र नक्की आठवतं. रडू पुष्कळ नंतर आलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. पाचसहा जण बोलले. यमुताई किती समाधानी, स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही, केळव्याच्या आपल्या वाडीत आणि शाळेत त्यांचं सारं जग सामावलेलं होतं... मी मागच्या बाकावर बसून पदराचं टोक पिळत होते. यमुना राऊत ही बाई समाधानी नव्हती. तिला हिमालयात जायचं होतं. सहा-सात वर्षं ती त्यासाठी वाचत होती, चालत होती, तयारी करत होती, आणि एकदाही गेली नाही. हे कोणी तरी सांगायला हवं म्हणून हा लेख.

माझे यजमान तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर. इथं बदलून आलो तेव्हा बोईसरला एका खोलीचं बिऱ्हाड केलं. आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, कुठून कुठून आलेले. दुपार सरता सरत नसे. म्हणून मी पालघरच्या वाचनालयाची वर्गणी भरली. तिथं एक उंच, काळ्यासावळ्या बाई मोठ्या टेबलावर नकाशा पसरून बसल्या होत्या. वाऱ्यानं कोपरा उडत होता. मी जाता जाता तो दाबून धरला. त्यांनी वर न बघताच विचारलं, "इंग्रजी वाचता येतं?" मी हो म्हटलं. "मग बस. हे बारीक अक्षर मला नीट दिसत नाही. गंडकीच्या काठानं वर काय काय गावं आहेत, वाच." आमची ओळख झाली ती अशी. नावगाव नंतर विचारलं.

त्या भूगोल शिकवत. केळव्याला थोरले भाऊ हरिभाऊ, वहिनी, पुतणी वसंती आणि म्हातारी आई यांच्याबरोबर राहत आणि एस.टी.नं शाळेत येत. लग्न केलं नव्हतं. नेपाळातल्या मुक्तिनाथाचं वेड त्यांना कसं लागलं हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. पुण्य मिळवायला मात्र त्यांना जायचं नव्हतं. डोंगरात एका जागी पाण्याशेजारी ज्योत जळते, तिला हिंदू ज्वालामाई म्हणतात आणि तिची राखण करतात बौद्ध भिक्षुणी. खालून धान्य वर जातं, वरून तिबेटचं मीठ खाली येतं, आणि या दोन्हींच्या वाटेवर नदीकाठी गावं वसलेली आहेत. एकाच देवळात दोन धर्मांची माणसं आपापल्या भाषेत हात जोडतात, तेव्हा ती एकमेकांशी काय बोलतात, हे त्यांना ऐकायचं होतं. "पुस्तकं लिहिणारे सगळे साहेब आहेत गं," त्या म्हणायच्या. "ते डोंगराची उंची सांगतात. स्वयंपाकघरात कोणी शिरलेलंच नाही."

तयारी म्हणजे नुसतं वाचन नव्हतं. रविवारी आम्ही वाघोबाच्या खिंडीतून काळदुर्ग चढायचो. पाठीवर पिशवीत तांदूळ. मनोरच्या बाजूला अशेरीचा गड चढलो तेव्हा माझे पाय लटपटायला लागले होते. लाकडाची मोळी घेऊन उतरणारी एक वारली बाई आमच्याकडे बघत उभी राहिली. "वर काय नाय बाय," ती म्हणाली, "नुसता वारा हाय." यमुताई म्हणाल्या, "तोच पाहिजे." ती बाई हसत हसत उतरून गेली. चढताना पाय मोकळे राहावेत म्हणून यमुताईंनी पाचवारी सोडून पुन्हा नऊवारी नेसायला सुरुवात केली आणि खाली कॅनव्हासचे बूट. शाळेत त्यांच्या साधेपणाचं फार कौतुक झालं. मुख्याध्यापिकांनी तरुण शिक्षिकांना त्यांचं उदाहरण दिलं! राजेळी केळ्यांची सुकेळी डोंगरात किती दिवस टिकतात, हे बघायला त्यांनी ती सबंध पावसाळाभर माझ्या खोलीत टांगून ठेवली होती. मुंग्यांनी मला रडवलं.

आणि एवढं सगळं करून दर वर्षी काही तरी निघायचं. त्यांचं पहिल्यांदा जायचं ठरलं ते आमच्या ओळखीआधी, चीनच्या युद्धाच्या वर्षी. तेव्हा हिमालयाचं नाव काढणंही शक्य नव्हतं, ते मी समजू शकते. मग आईंना पक्षाघात झाला. मग पुन्हा युद्ध, पाकिस्तानशी. किनाऱ्यावर दिवेबंदी, शिक्षकांना गस्तीची कामं. पण युद्धं संपली तरी काही ना काही उरायचंच. कधी वाडीत पानवेलींवर रोग पडला, कधी वहिनींचं ऑपरेशन. "पुढच्या दिवाळीत," यमुताई म्हणायच्या, आणि लगेच नकाशाकडे वळायच्या, जणू मधलं काही बोलणं झालंच नाही. मी चिडायचे. "तुमच्या घरात दुसरं कोणी माणूस नाही का?" असंही एकदा बोलले. त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी काही वेळा उठून निघून आले आहे.

शेवटी एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जायचं खरंच ठरलं. नाशिकचे एक निवृत्त वैद्य आणि त्यांच्या पत्नी मुक्तिनाथला निघाल्याचं यमुताईंना कळलं आणि त्यांनी पत्रव्यवहार करून आम्हां दोघींची सोय लावली. मुंबईला गाडी बदलायची, वैद्य नाशिकरोडला आमच्या गाडीत चढणार, गोरखपूरहून नौतनव्याला जायचं, सीमा ओलांडून भैरहवा, तिथून छोट्या विमानानं पोखरा आणि पुढं चालत. बुटवलपासूनच चालावं असं यमुताईंच्या मनात होतं, पण शाळेची रजा तेवढी नव्हती. आमच्या यजमानांनी हसत हसत परवानगी दिली होती. त्यांना वाटलं, हे काही घडत नाही.

निघायच्या दिवशी मी पालघर स्टेशनवर वळकटी घेऊन उभी. यमुताई एस.टी.तून उतरून फलाटावर आल्या. त्यांच्या हातात फक्त एक डबा होता. तेवढ्यावरून मला सगळं समजलं.

"वसंतीला बघायला पाहुणे येणार आहेत," त्या म्हणाल्या. "दादानं परवाचा दिवस दिलाय."

"मग दादांना सांगा दिवस बदलायला!"

"तसं कसं होईल?"

मी वळकटी उचलली आणि परत निघाले. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "तू जायचंस," त्या म्हणाल्या. "दोघींचं फुकट जाता कामा नये. सगळं बघून ये आणि मला सांग." गाडी आली. त्यांनी मला अक्षरशः डब्यात ढकललं. मी दारात उभी राहून त्यांना बरंच काही बोलले, सगळं लागेल असंच. त्या फलाटावर उभ्या राहून हात हलवत होत्या.

आणि मी मुक्तिनाथला जाऊन आले. जिला कोणी विचारलं असतं तर महाबळेश्वरला जाणंही पुरेसं वाटलं असतं, ती मी! पायांना फोड आले, कागबेनी गावाच्या पुढं वाऱ्यानं डोळे उघडेनात, वैद्यबाई रोज रडायच्या. देवळामागच्या त्या गोमुखांच्या धारांखाली मी अंघोळ केली आणि दातावर दात आपटत तिथल्या बायकांच्या चुलीपाशी जाऊन बसले. ज्योत पाहिली. निळी, लहानशी, जाळीच्या आड. नमस्कार केला. परत फिरलो.

आल्यावर यमुताई माझ्या खोलीवर आल्या त्या तयारीनिशीच. त्या भिक्षुणी किती वयाच्या होत्या? त्या कोणती भाषा बोलत? पुजारी आणि त्या एकमेकांशी बोलले का? मिठाचे तांडे दिसले का? घरांत चूल मध्यभागी असते का? मला काही म्हणजे काही सांगता येईना. "मला थंडी वाजत होती हो, ताई, म्हणून त्या बायकांच्या चुलीपाशी बसले," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"म्हणजे तू त्यांच्या चुलीपाशी बसलीस," त्या हळूहळू म्हणाल्या, "आणि त्या काय बोलत होत्या ते ऐकलंच नाहीस?"

"नाही ऐकलं!"

"मग तू गेलीस कशाला?"

"तुम्ही ढकललंत म्हणून गेले!" मी ओरडले. "तुम्ही का नाही गेलात? मला कशाला विचारता? ते पाहुणे तरी आले का शेवटी?"

पाहुणे आलेच नव्हते. दिवाळीनंतर बघू, असा त्यांचा निरोप आला होता. त्या घरीच होत्या, सबंध सुट्टीभर. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. यमुताईंना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. पण मी तेव्हा इतकी संतापले होते की त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं महिनाभर आम्ही बोललो नाही. मग एका रविवारी त्या काही न झाल्यासारख्या पिशवीत तांदूळ भरून दारात उभ्या राहिल्या, आणि मीही चपला घातल्या.

आई वारल्या, वसंतीचं लग्न झालं. आता तरी, असं मला वाटलं होतं. या दिवाळीचं त्यांनी स्वतःहून काढलं होतं. मी जळगावला निघाले तेव्हा म्हणाल्या, "लवकर ये, रिझर्वेशन बघायला हवं." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गेल्या रविवारी मी केळव्याला गेले. हरिभाऊ वाडीत होते. मला बघून पुढं आले, पाटावर बसवलं. विहिरीजवळच्या चिकूच्या फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं टांगलेलं होतं. अस्थी अजून सोडल्या नव्हत्या. मी फार चांगल्या मनानं गेले नव्हते. जे बोलायचं ते बोलूनच यायचं, असं ठरवून गेले होते, आणि बोलले. तुम्ही तिला कधी जाऊ दिलं नाहीत, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं.

हरिभाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. "आमी कदी अडवली नाय तिला," ते म्हणाले. "तिनं कदी विचारलाच नाय."

"त्या दिवाळीला? पाहुणे येणार होते तेव्हा?"

"मी बोललो, पाहुणे येणार हायेत. ती बोलली, बरा. मना काय ठावं ती कुटं निघालेली?" मग म्हणाले, "पुस्तका वाचते ते दिसायचा. मना वाटला, तिला वाचायलाच आवडते. रविवारी शालेत काम हाय सांगून जायची."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी ज्या माणसावर दात खाऊन होते, तो समोर बसून उपरण्यानं तोंड पुसत होता. आणि जिच्यावर रागवायचं ती झाडाला टांगलेली. घरात एक शब्द बोलायला तिला एवढं जड का गेलं? अशेरीच्या कातळावर ती माझा हात धरून मला वर ओढायची, आणि घरी... तिला भीती कसली होती? नाही म्हणतील याची, की जा म्हणतील याची? आता विचारायचं कोणाला?

"मी ठरवलाय," हरिभाऊ मडक्याकडे बघत म्हणाले. "तिला थेच नेणार. मुक्तिनाथला. ते नदीत सोडणार."

माझा उरलासुरला ताबा सुटला. "कशाला?" मी म्हटलं. "तिला मडक्यात बसून जायचं नव्हतं, हरिभाऊ! तिला चालत जायचं होतं!"

आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला. हरिभाऊंनी एक गुडघा चोळला. मग त्यांनी विचारलं, "लय चालायचा हाय?"

"लय."

"माजा गुडघा काय बरोबर नाय."

"मग नका जाऊ."

"नाय, जायाचा हाय," ते म्हणाले. "तुमी वाट सांगा. मी बघतो कसा जायाचा ते."

मला सांगायचं नव्हतं. उठून एस.टी. गाठावी असं वाटत होतं. पण ते गुडघ्यावर हात ठेवून, वर्गातल्या मुलासारखे बसून राहिले. मी रागारागातच सुरुवात केली. नौतनव्याला गाडी सोडायची. पोखऱ्याहून पहिल्या दिवशी घाई करायची नाही. घोरेपाणीचा चढ पहाटे धरायचा. पुढं काळ्या गंडकीच्या पात्रातून चालायचं ते सकाळीच, कारण दुपारी वारा सुटतो आणि माणूस उभा राहू शकत नाही. यातलं निम्मं मी स्वतः जाऊन आल्यावरही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. हे सगळं मी ऐकलेलं होतं पालघरच्या वाचनालयात, मोठ्या टेबलापाशी, त्यांच्या तोंडून, वर्षानुवर्षं. मध्येच मी थांबले. वहिनी केव्हाच बाहेर येऊन दाराला टेकून उभ्या होत्या.

"मंग?" हरिभाऊ म्हणाले. "वारा सुटला, मंग कुटं थांबायचा?"

"मार्फा म्हणून गाव आहे," मी म्हटलं. "तिथं."