तळमजल्यावरची खोली

महाडला भाड्यानं खोली शोधायची तर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटवलेले कागद वाचत फिरावं लागायचं. त्यातल्या निम्म्या कागदांवरचा फोन नंबर पावसानं पुसलेला. एमआयडीसीत नोकरीला आलेल्या बाहेरगावच्या मुली एसटी स्टँडवर बॅगा घेऊन बसलेल्या दिसायच्या. पुण्यात वेबसाइट बनवण्यात दहा वर्षं घालवून मी परतले होते, तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम आहे. माझं गाव कापडे, पोलादपूरच्या बाजूचं. घरी नेटवर्कचा पत्ता नसतो म्हणून मी महाडात राहते. पहिल्या मजल्यावर. हे मुद्दाम सांगते.

मोठी बटणं, टाइप करणं जवळजवळ नाही, फुटक्या काचेच्या फोनवरसुद्धा चालेल अशी वेबसाइट मी केली. जागा हवी असलेल्या मुलींना विचारायचं : शिफ्ट कोणती, स्वयंपाक करणार का, उजेडात झोप लागते का. मग उलट्या शिफ्टच्या दोघींची जोडी लावायची, म्हणजे एक कामावर असताना दुसरीला निवांत झोपता येईल. या कल्पनेवर मी भलतीच खूश होते. खोलीत राहणाऱ्या दोघी एकमेकींशी बोलणार कधी, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

घरमालकांसाठी आठ प्रश्न होते. ते सोपे आहेत का हे बघायला मी बाजारपेठेजवळच्या एका काकूंकडे फोन घेऊन गेले. त्यांची तळमजल्यावरची खोली रिकामी होती. सात प्रश्न त्यांनी भराभर उरकले. आठव्याला थांबल्या. पुराचं पाणी खोलीत शिरतं का, आणि शिरलं तर कुठवर, असा तो प्रश्न होता.

“हे कशाला विचारतेस गो?” काकू म्हणाल्या. “महाडात हे कोणाला ठाऊक नाय?”

आणि ते खरंच होतं. सावित्री नदी कोणत्या गल्लीत कितव्या पायरीपर्यंत येते हे इथं शेंबड्या पोरालाही सांगता येतं. पाणी वाढलं की भोंगा वाजतो, माणसं गाद्या आणि मिक्सर वरच्या मजल्यावर नेतात, गाड्या उंचावर लावून येतात. मी हसले आणि प्रश्न काढून टाकला. काकूंच्या भिडेखातर काढला असं म्हणायला मला आवडेल, पण तो काढल्यावर सगळा फॉर्म एका स्क्रीनवर बसला, आणि त्याचाच मला जास्त आनंद झाला होता.

ती खोली वाशीमहून आलेल्या एका मुलीनं घेतली. कंपनीची बस तिथून सगळ्यात जवळ, म्हणून माझ्या यादीत ती खोली पहिली दिसायची. मुलगी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये लागली होती. वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. सगळं नीट चाललं तर नोकरी, नाहीतर घरी येऊन लग्न. हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, पेढे देता देता. त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. पूर तिनं फक्त टीव्हीवर पाहिलेला. तिच्या जोडीला मी इथल्याच, जवळच्या शिवथर गावची एक मुलगी दिली, दिवसपाळीची. जोडी अगदी छान जमली होती, माझ्या कंप्युटरच्या मते.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला. त्या सकाळी वाशीमची मुलगी रात्रपाळी करून आली आणि झोपली. शिवथरच्या मुलीनं गल्लीच्या टोकाला चढलेलं पाणी पाहिलं, आपली बॅग वरच्या मजल्यावर ठेवली, आणि कामावर न जाता नातेवाइकांकडे निघून गेली. भोंगा वाजला तेव्हा वाशीमची मुलगी अर्धवट जागी झाली. तिला वाटलं, कुठल्यातरी कंपनीची शिफ्ट सुटली. ती कूस बदलून पुन्हा झोपली. दुपारी खाटेखाली सोडलेला हात पाण्याला लागला तेव्हा तिला जाग आली.

वाचली. वरच्या बिऱ्हाडानं तिला ओढून घेतलं. दोन दिवस ती तिथं होती, फोन बंद, आणि दोन दिवस तिचा बाप वाशीमहून फोन लावत होता.

पाणी ओसरल्यावर मी गेले. दोघी चिखल काढत होत्या. शिवथरची मुलगी रडकुंडीला आली होती.

“मला वाटलं तिला ठाव हाय,” ती मला म्हणाली. “आमच्यात कोण सांगत नाय. बघून कळतं.”

मग वाशीमच्या मुलीनं मला शांतपणे विचारलं, ताई, तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हणाले. प्रश्न काढल्याचंही सांगितलं. ती हातातली चादर पिळत राहिली. मला इतकी लाज वाटली की मी खराटा घेऊन नुसतीच भिंत घासत बसले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. साधे, थकलेले गृहस्थ. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांच्या खांद्याच्या वर होती. त्या रेघेकडे ते बराच वेळ बघत राहिले. मी तेवढ्यात एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं बोलून ठेवलं होतं, मुलीला ती पसंतही होती. ते सांगायला मी तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, “ताई, तुमाले माहीत नव्हतं का, इथं पानी येते म्हून?”

माझ्या आधी मुलगीच बोलली. “बाबा, ताईले कुठून माहीत असन? त्या महाडच्या नाहीत. तिकडं डोंगरातल्या गावच्या आहेत.”

मला वाचवायला बोलली ती. मी तेच धरून म्हणाले, “खरंच, मला कल्पना नव्हती हो.”

वडिलांनी मान हलवली. रागावले नाहीत. “इतक्या जवळच्या मानसालेच माहीत नसन,” ते म्हणाले, “त मी पोरीले इथं कोनाच्या भरोशावर ठेवू?”

ती माझ्याकडे बघत होती. अजूनही खरं सांगता आलं असतं. मला माहीत होतं, इथं सगळ्यांनाच माहीत असतं, चूक माझी आहे, आणि वरची खोली कोरडी आहे हेही मला तितकंच पक्कं माहीत आहे. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, आणि मुलगी कदाचित राहिली असती.

मी गप्प बसले. तिनं खाली बघितलं आणि ओल्या कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.