हजेरी तासाच्या शेवटी

अन्याय झाला तो माझ्या बाकावरच्या मैत्रिणीवर. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी, अर्थशास्त्राच्या सरांनी तिला भर वर्गात उभं करून सांगितलं की त्यांच्या मायनरच्या परीक्षेला तिला बसता येणार नाही. हजेरी कमी.

मायनर म्हणजे मुख्य डिग्रीसोबत दुसऱ्या विषयाचा छोटा अभ्यासक्रम. कॉलेज माहितीपत्रकात तो मोठ्या अक्षरांत छापतं आणि त्याचा तास ठेवतं दिवसाच्या टोकाला. सकाळी उन्हात सर्व्हेची काठी धरायची, दुपारी बीमची गणितं, मग तोंडावर पाणी मारून मागणी-पुरवठ्याचे आलेख. दमायचो दोघी सारख्याच. पण मी हिंगोलीत खोली घेऊन राहायचे, ती रोज जिल्ह्यातल्याच गोरेगावला परतायची.

तिची शेवटची जीप तास सुटायच्या आधीच निघायची. जीपवाल्या काकांनी काही दिवस थांबून पाहिलं. मग बाजार करून परतणारी एक बाई म्हणाली, "तुझं शिकनं व्हईल माय, पन माझं लेकरू भुकेलंय." तिचं तरी काय चुकलं? काका म्हणाले, "ताई, उद्यापासून न्हाई जमायचं. बराबर टायमावर येत जा."

मग ती तास संपायच्या थोडं आधी उठू लागली. सर हजेरी घ्यायचे शेवटी. फळ्यावर जाऊन आलेख काढून दाखवलेली मुलगी कागदावर गैरहजर. आम्ही सरांना म्हणालो, हजेरी सुरुवातीला घ्या.

"मग बाकीचे पळतील," सर म्हणाले. "आणि मायनर ऐच्छिक आहे. सक्ती केलीय का कुणी?"

बाकीचे पळतील म्हणून शिक्षा हिला. मी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढून वाटलं. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "भाषा चांगली आहे गं. मराठीचाच मायनर घ्यायचास ना." वर्ग हसला. विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षी बघू म्हणून पत्रक घडी करून ठेवलं.

मैत्रीण म्हणाली, "काहून भांडून राहिलीस? सोड आता. निदान झोप तरी मिळंल मला." ती चिडून बोलली असती तर मला बळ आलं असतं. ती नुसती दमली होती. मीही दमलेय, हे लिहितानासुद्धा.

मी पास झाले. किमतीच्या लवचीकतेचा जो प्रश्न मी पूर्ण सोडवला, तो तिनंच मला हळदीच्या भावावरून समजावला होता, कँटीनच्या पायरीवर बसून. माझ्या डिग्रीवर दोन विषय येतील, तिच्या एकच.

हळहळू नका, त्यानं काही होत नाही. तुम्ही शिकवत असाल तर उद्या वर्गात शिरल्याबरोबर हजेरी घ्या आणि ज्याची गाडी सुटणार आहे त्याला जाऊ द्या. शिकवत नसाल तर आपल्या पोरांच्या कॉलेजात जा. टाइमटेबल करणाऱ्यासमोर बसा आणि विचारा, शेवटची जीप किती वाजता सुटते. उत्तर येईपर्यंत उठू नका.