अमीनाबीचा हॉटेलातला चहा

जमशेदभाई, मंगरूळपीरच्या स्टँडसमोर तुमचं हॉटेल होतं, तिथं उरलेल्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे. मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा बायका हॉटेलात बसत नसत. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या टेबलापुढं पडदा लावलात.

"काढा तो. मी काय चोरून चहा पिऊन राह्यले?"

"लोकं पाहतीन, मॅडम."

"पाहू द्या. थकतीन."

लोक थकलेच. मग बायका येऊ लागल्या. तुमची बायको, अमीनाबी, तेवढी कधी आली नाही.

"माह्यं आयकत नाही. तुमीच एकडाव घेऊन या," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या घरी गेले. ती म्हणाली, "ईद होऊ द्या."

ईदेआधीच रस्ता रुंद करायला हॉटेल पाडलं. तिला तिथं गिऱ्हाईक म्हणून बसवायचं राहूनच गेलं.